कुत्र्या-मांजरांची खाज थांबत नाही? या चुका टाळा

पावसाळा लागला की खाजवणारी कुत्री दवाखान्यात येऊ लागतात आणि मालकांची मागणी ठरलेली असते: "मागच्या वर्षी जे इंजेक्शन दिलं होतं, तेच द्या." खाज दाबणाऱ्या त्या इंजेक्शनने दोन-तीन आठवडे बरे जातात, मग पुन्हा तेच सुरू. इंजेक्शन वाईट असतं असं नाही, ते फार लवकर दिलेलं असतं. खाजेचं कारण क्रमाने शोधावं लागतं. आधी पिसवा आणि खरूज, मग त्वचेतला जंतुसंसर्ग, मग अन्न. एवढं करून उरते ती धूळ, धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), परागकण यांची ॲलर्जी, म्हणजे ॲटोपी. खालच्या बहुतेक चुका यातली एखादी पायरी गाळल्यामुळे होतात.

"आमच्याकडे पिसवा नाहीतच"

पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असेल तर थोडेसे चावेही पुरतात. मांजर तर स्वतःला चाटता चाटता पिसवा गिळून टाकतं, त्यामुळे पुरावाच सापडत नाही. दाट दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाजवळ विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कुत्र्याची खाज कमरेच्या मागच्या भागावर, शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे असेल तर फणीत काही मिळालं नाही तरी पिसवांचा उपचार करायचाच.

दुसरी गफलत म्हणजे फक्त खाजवणाऱ्या प्राण्यालाच औषध देणं. प्राण्याच्या अंगावरच्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम ५ टक्के असतात. बाकीची अंडी, अळ्या आणि कोश अंथरुणात, सोफ्याच्या फटीत, गाडीच्या सीटवर असतात. कोशातली पिसू कित्येक आठवडे, कधी महिनेही दबा धरून राहते. म्हणून घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी औषध, सलग किमान ३ महिने, शिवाय अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात. मानेवर टाकायच्या थेंबांच्या आगेमागे दोन दिवस अंघोळ घालू नका. आणि महिनाभर औषध देऊन "फरक नाही" म्हणू नका.

इथेच सर्वांत महागात पडणारी चूक होते: कुत्र्याचे थेंब मांजराला लावणं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. काही तासांत थरथर सुरू होते, मग झटके. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने लगेच धुवा आणि थरथरीची वाट न बघता दवाखाना गाठा. गुरांचं गोचीडनाशक बादलीत अंदाजाने ओतून प्राण्यांना अंघोळ घालण्याचा प्रकारही याच जातीचा.

खरूज आणि गजकर्णावर स्टेरॉइड

कानाच्या कडा, पायांची कोपरं आणि पोटाखाली प्रचंड खाज, शिवाय घरातल्या माणसांच्या हातांवर पुरळ: ही बहुधा खरूज, ॲलर्जी नव्हे. पिसवा-गोचिडींसाठीच्या चघळायच्या काही गोळ्यांनी (फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर) खरजेचा माइटही मरतो, म्हणून संशय असेल तर आधी त्या. मात्र ज्या कुत्र्याला फिट येतात त्याच्या डॉक्टरांना तसं आधी सांगा. मांजराच्या अंगावर गोल टक्कल आणि कोंडा दिसला तर गजकर्ण असू शकतं. घरातलं माणसांचं तीन-चार औषधं एकत्र असलेलं खाजेचं मलम लावलं तर त्यातल्या स्टेरॉइडमुळे बुरशी आणखी पसरते, आणि मांजर ते चाटून पोटातही घेतं.

वास येतोय, पण उपचार खाजेचाच

ॲलर्जीने त्वचेचं संरक्षण ढिलं पडलं की स्टॅफिलोकोकस जिवाणू आणि मॅलासेझिया ही बुरशी फोफावतात. पुळ्या आणि खपल्या जिवाणूंच्या. पंजांच्या बेचक्यात तपकिरी चिकटा आणि कुबट वास बुरशीचा. हा संसर्ग स्वतःच खाज आणतो, म्हणून तो असताना ॲलर्जीचं औषध चाललं की नाही हे कळतच नाही. चिकटपट्टीवर किंवा काचेवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं दहा मिनिटांचं काम आहे. तसं न करता लिहिलेली अँटिबायोटिक्स पुष्कळदा वाया जातात.

क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) किंवा त्यासोबत मिकोनाझोल (बुरशीनाशक) असलेला शॅम्पू फेल जातो तो घाईमुळे. कोमट पाण्याने अंग कातडीपर्यंत भिजवायचं, शॅम्पू चोळायचा, घड्याळ लावून १० मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग भरपूर पाण्याने काढायचा. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, ३-४ आठवडे. गरम पाणी खाज वाढवतं. माणसांचा शॅम्पू नको, आणि जंतुनाशक म्हणून डेटॉल तर अजिबात नको. मांजरांना ते विषारी आहे.

अन्नाची चाचणी, पण अर्धवट

सगळ्यांत जास्त घोळ इथे. "चिकन बंद केलं, फरक नाही" यावरून काहीच सिद्ध होत नाही. ॲलर्जी दूध, बीफ, गहू, मासे यांचीही असू शकते. कुत्र्यांत बीफ, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन वारंवार आढळतात, मांजरांत बीफ, मासे आणि चिकन. ग्रेन-फ्री (धान्य नसलेल्या) खाद्यावर हजारो रुपये घालवून त्यातलं चिकन तसंच चालू ठेवणारे कमी नाहीत.

खरी चाचणी अशी: पूर्वी कधीही न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्ट, किंवा डॉक्टरांनी सुचवलेलं हायड्रोलाइज्ड खाद्य (ज्यातल्या प्रथिनांचे आधीच बारीक तुकडे केलेले असतात), किमान ८ आठवडे, बाकी काहीही नाही. आपल्याकडच्या बहुतेक कुत्र्यांनी चिकन-भात खाल्लेलाच असतो. तेव्हा मटण आधी पोटात गेलं नसेल तर मटण-बटाटा, नाहीतर बदकाचं मांस. कांदा-लसूण नाही. दुकानातलं साधं "फिश" खाद्य चालत नाही, कारण पाकिटामागची यादी वाचली तर चिकन दिसतं, आणि कधी यादीत नसूनही डब्यात असतं.

चाचणी मोडते ती बाजूने. चहाबरोबरचं बिस्किट, पोळीचा तुकडा, जंताची चवदार गोळी, मांजराची ताटली, सोसायटीच्या वॉचमनने प्रेमाने दिलेला पाव. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आजी-आजोबांना, आधीच सांगून ठेवा. बक्षीस म्हणून त्याच मांसाचे उकडलेले तुकडे द्या.

खाज कमी झाली की लोक थांबतात. ती पुढची चूक. जुनं अन्न पुन्हा सुरू करा. अन्नच कारण असेल तर खाज बहुधा १४ दिवसांच्या आत परतते. परतली नाही तर सुधारणा ऋतू बदलल्याने किंवा मधल्या औषधांमुळे झाली होती. केस, लाळ किंवा रक्त पाठवून मिळणाऱ्या "फूड ॲलर्जी" यादीवर पैसे घालवू नका, ती भरवशाची नसते. धूळ-परागकणांच्या रक्तचाचणीचा उपयोग आहे, पण निदानासाठी नव्हे, इम्युनोथेरपीच्या (ॲलर्जीची शरीराला हळूहळू सवय लावणाऱ्या) इंजेक्शनांत काय घालायचं ते ठरवण्यासाठी.

मांजरावर ही चाचणी करताना नवं खाद्य आठवडाभर जुन्यात थोडंथोडं मिसळत जा. हट्टाने उपाशी ठेवलं तर लठ्ठ मांजराचं यकृत काही दिवसांत बिघडू शकतं. दोन दिवस तोंड लावलं नाही तर चाचणी थांबवा. मांजराला घरचं शिजवलेलं द्यायचंच असेल तर टॉरीनसह (मांजराला अन्नातून लागणारं अमिनो आम्ल) संतुलन डॉक्टरांकडून करून घ्या.

गोळ्यांचा गोंधळ

माणसांच्या ॲलर्जीवरच्या सेटिरिझिनने कुत्र्याची ॲटोपी क्वचितच आटोक्यात येते. सर्दीच्या संयुक्त गोळ्या तर देऊच नयेत. त्यातलं पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं, स्यूडोएफेड्रिन कुत्र्याचा. ऑक्लासिटिनिब ही कुत्र्यांची खाजेवरची गोळी काही तासांत खाज कमी करतं, पण ते १२ महिन्यांखालच्या कुत्र्यांसाठी नाही. दिवसातून दोनदा फक्त पहिले १४ दिवस, मग एकदाच. खाजेवरचं लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन फक्त कुत्र्यांसाठी आहे. सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाला परिणाम दाखवायला ४-६ आठवडे लागतात, "दहा दिवसांत काही झालं नाही" म्हणून सोडू नका. बरेच दिवस चाललेलं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) एकदम बंद करू नका, डोस हळूहळू उतरवा. दीर्घ परिणामाचं स्टेरॉइड इंजेक्शन एकदा टोचलं की परत काढता येत नाही, आणि मांजरात त्याने मधुमेह उद्भवू शकतो.

एक प्रसंग मात्र या क्रमाबाहेरचा

मधमाशी चावल्यावर किंवा लस दिल्यावर अचानक तोंड सुजलं, अंगभर गांधी उठल्या, तर त्याच दिवशी दाखवा. त्यासोबत उलट्या, धाप, पांढुरक्या हिरड्या किंवा कोसळणं असेल तर घरची गोळी शोधत बसू नका. दवाखान्यात फोन करून निघा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत तिथे ॲड्रेनालिन तयार असेल.