गाडीच्या जुन्या फोटोचं साल कसं ओळखायचं

काळ्या पानांचा अल्बम, पुणे स्टेशन, ट्रंकेवर बसलेली आत्या, मागे डबा. साल मात्र कुणालाच आठवत नाही. अशा वेळी आत्याकडे नाही, डब्याकडे बघा. त्यावर जी.आय.पी.ची (म्हणजे जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) अक्षरं असतील तर फोटो बहुधा १९५१च्या आधीचा. त्या नोव्हेंबरात तिची मध्य रेल्वे झाली. (डबे काही एका रात्रीत रंगवले गेले नसणार, तेव्हा थोडं मागेपुढे धरा.) तिसऱ्या वर्गाची खूण दिसली तर साधारण १९७४च्या आधीचा, कारण तेव्हा तो वर्गच बंद झाला.

धूर दिसला म्हणून लगेच १९३०च्या आधीचा समजू नका. मुंबईच्या बाजूला तोवर विजेची इंजिनं आली होती, १ जून १९३०ला दख्खनची राणीही सुटली. पण मिरजेकडे कोळशाची इंजिनं पुढे कितीतरी वर्षं धावली.

फोटो पानाला चिकटलाय? ओढू नका. मी ओढला, तर काकांचा अर्धा फेटा पानावरच राहिला. पानासकट खिडकीशी ठेवा, थेट ऊन नको, फ्लॅश बंद, मोबाईल बरोबर वरून धरा. सुटा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनची रेघ पुढे उमटते.

मग आत्याला फोन लावा. "साल कुठलं गं?" विचारलंत तर ती गप्प बसेल. "डबा तिसऱ्या वर्गाचा दिसतोय" म्हणा, म्हणजे फलाटावरच्या चहापासून सुरू होईल.