घरच्यांसोबत रोल-प्लेइंग गेम आणि त्यात आपलीच चित्रं, असं जमवा

मी घरूनच फॅन्टसी चित्रं काढते, राक्षस, गड, जंगलं वगैरे, आणि रविवारी जेवणं आटोपली की आम्ही चौघं सतरंजीवर खेळायला बसतो, मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. रोल-प्लेइंग गेम म्हणजे एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन ती पुढे न्यायची. बरेच जण विचारतात की सुरुवात कशी करायची, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी नियमांची भीती सोडा. या प्रकारातला प्रसिद्ध खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आला आणि त्याची पुस्तकं जाडजूड आहेत हे खरं, पण घरी खेळायला वीस बाजूंचा एक फासा पुरतो. ज्याची पाळी असेल त्याने काय करायचंय ते सांगायचं, फासा टाकायचा, 10 किंवा वर आलं की जमलं. म्हणजे वीसातले अकरा आकडे आपल्या बाजूने. लहान पोरं असतील तर 8 ठेवा, पटापट जमतं आणि ती खुलतात. आणि नाही जमलं तरी "नाही झालं" म्हणून पुढे जाऊ नका, गोष्ट सांगणाऱ्याने कुलूप उघडलं नाही पण आवाजाने आतलं कोणीतरी जागं झालं, असं काहीतरी घडवा. फासा परातीत टाकायचा, खाली नॅपकिन घालून, नाहीतर अर्धा वेळ तो कपाटाखाली शोधण्यात जातो.

नकाशाला चार्टपेपर घ्या, पेन्सिलीने एकेक इंचाच्या चौकटी आखा, एक चौकट म्हणजे पाच फूट. दिवाळीत किल्ला केलेल्या पोरांना बुरुज, चोरवाट, तटबंदी काही समजवावं लागत नाही, ती स्वतःच बोट ठेवून सांगतात की इथून दोर टाकू.

आता चित्रं. उभी राहणारी पात्रं करायची तर ए4 पान 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके), म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल. माणूस दीड इंच उंच काढा, त्याच्या डोक्यावर तेच चित्र उलटं जोडा, दोन्ही चित्रांच्या पायांखाली अर्धा अर्धा इंच कोरा ठेवा, मग डोक्याशी घडी घातली की दोन्ही बाजूंनी दिसतं आणि खालच्या पट्ट्या दुमडून चिकटवल्या की उभं राहतं. 250 जीएसएमचा (म्हणजे जाडसर) कार्डपेपर चांगला, पण आधी साध्या कागदावर एक प्रिंट काढा, स्क्रीनवरचा चमकदार निळा-जांभळा छपाईत हमखास मळकट होतो.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चित्र पूर्ण करून आणू नका. मी एकदा वेताळाची नुसती काळी आकृती आणली होती, हातात काठी, बाकी काही नाही. लेक म्हणाली याला मारूया, तर सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, मारायचं नाही हं त्याला, तो गावाचा राखणदार, रात्री गस्त घालतो." त्या गोव्याकडच्या, तिकडे आमोण्याला वेताळाचं देऊळच आहे. मग त्यांच्या पात्राने त्याच्यापुढे नारळ ठेवला आणि त्याने वाट दाखवली. त्या रात्री मी चेहरा काढला तो शांत, थोडा थकलेला, पायात झिजलेल्या वहाणा, मी एकटीने बसून काढला असता तर लाल डोळे आणि सुळेच काढले असते. लोक ज्यांना पूजतात त्यांना शत्रू करू नका, मुंजा, हडळ, ब्रह्मराक्षस आहेत की खेळायला, आणि त्यांच्यावर कुठल्या कंपनीचा हक्कही नाही.

ऑनलाइन टाकताना असंच कच्चं स्केच, पक्कं चित्र आणि मध्ये काय घडलं ते, तिन्ही एकत्र टाका, लोक थांबून वाचतात. मुलांचे चेहरे आणि नावं मात्र नको. माझं एक चित्र कोणीतरी न विचारता टी-शर्टवर छापून विकलं होतं, फार वाईट वाटलं, तेव्हापासून लांब बाजू 1500 पिक्सेलच ठेवते आणि सही कोपऱ्यात न करता अंगरख्याच्या घडीत करते, कापली तर चित्रच बिघडतं. आपल्याकडे चित्र काढलं की कॉपीराइट आपलाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, पण तारखेसकट मूळ लेयरवाली फाइल (ज्यात चित्राचे थर वेगवेगळे राहतात ती) जपून ठेवा, वाद झाला तर तीच दाखवता येते.

पहिला खेळ दीड तासात थांबवा, तोही ऐन उत्सुकतेच्या क्षणी, गोष्टीतलं एखादं दार उघडताना. आणि एखादं पात्र बिनरंगाचं छापून मुलांना द्या, पुढच्या रविवारपर्यंत ती रंगवतील, वेताळ हिरवा झाला तर हिरवाच खेळात घ्या.