सौर कृषी पंप घेताना: अर्जाआधीची तयारी आणि नंतरची दक्षता

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत रात्रीच्या वीजपुरवठ्यावर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात बिबट्याची भीती असते, आणि ती अनाठायी नाही. दिवसा हक्काचे पाणी मिळावे यासाठी सौर पंप हा आज सर्वांत भरवशाचा मार्ग आहे आणि शासन त्याच्या खर्चाचा फार मोठा भाग उचलते. मात्र बरेच अर्ज कागदपत्रांत अडकतात आणि बसवलेले काही पंप अपुरे पडतात. या दोन्ही अडचणी अर्ज करण्याआधीच टाळता येतात, म्हणून या लेखात तयारीवर अधिक भर दिला आहे.

केंद्र शासनाने २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना सुरू केली. तिचा ‘ब’ घटक स्वतंत्र सौर पंपांसाठी आहे. महाराष्ट्रात सध्या महावितरणमार्फत राबवली जाणारी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना त्याच धर्तीवर चालते. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने पंपाच्या किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. बाकीचा भार केंद्र आणि राज्य शासन उचलते. अडीच एकरांपर्यंत जमीन असल्यास ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्याहून अधिक असल्यास साडेसात एचपी पंप मिळतो. हवा असल्यास पात्रतेपेक्षा कमी क्षमतेचा पंपही मागता येतो.

शाश्वत जलस्रोत आहे पण पारंपरिक वीजजोडणी नाही, अशा शेतकऱ्यांसाठी ही योजना आहे. जोडणीसाठी पैसे भरून वाट पाहत असलेल्यांनाही तिचा लाभ घेता येतो. ज्यांच्या विहिरीवर आधीच विजेचा पंप आहे, त्यांच्यासाठी कृषी वाहिन्याच सौरऊर्जेवर आणणारी वेगळी योजना सुरू आहे.

अर्जाचा कणा म्हणजे सातबारा. उतारा नुसता काढून ठेवू नये, तो ओळीने वाचावा. विहीर किंवा कूपनलिका प्रत्यक्षात शेतात असते, पण सातबाऱ्यावर तिची नोंदच नसते, हे नेहमी आढळते. तसे असेल तर आधी ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, अर्ज करून नोंद घालून घ्यावी आणि मगच ऑनलाइन अर्जाला हात लावावा. दुसरी अडचण सामाईक खात्याची असते. वडिलांच्या पश्चात भावा-बहिणींची नावे लागलेली असतील, तर प्रत्येक हिस्सेदाराचे ना हरकत पत्र मुद्रांक कागदावर लागते. सासरी गेलेल्या बहिणींच्या सह्यांसाठी वेळ लागतो, तेव्हा हे काम सर्वांत आधी सुरू करावे. आधार कार्ड, बँक पासबुक आणि लागू असल्यास जातीचा दाखला ही कागदपत्रे त्या मानाने सोपी आहेत. पाणलोट भूजलदृष्ट्या अतिशोषित, म्हणजे भूजल मुरते त्याहून जास्त उपसले जाते अशा, क्षेत्रात असेल, तर भूजल विभागाचा दाखलाही जोडावा लागतो.

यानंतर जे काम फारसे कोणी करत नाही ते करावे: पाण्याची पातळी मोजावी, आणि तीही एप्रिल-मेमध्ये. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडावा, काठापासून पाण्यापर्यंतची ओली न झालेली दोरी मोजावी. समजा, ती ६० फूट भरली आणि शेताचे वरचे टोक विहिरीपेक्षा २० फूट उंच असेल, तर पंपाला पाणी ८० फूट, म्हणजे सुमारे २४ मीटर, चढवावे लागणार. त्यात पाइपलाइनमधील घर्षण आणखी धरावे लागते. हाच ‘हेड’. कमी हेडसाठी बनवलेला पंप खोल कूपनलिकेत सोडला, तर पॅनेल कितीही चांगली असली तरी वर पाणी पुरेसे येत नाही. पावसाळ्यातील भरलेली विहीर पाहून आकडा दिला, तर उन्हाळ्यात नेमकी गरज असताना पंप दगा देतो. पुरंदर, बारामती, इंदापूरसारख्या भागांत हा फरक मोठा असतो.

अर्ज महावितरणच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावा. सौर पंपांच्या नावाने पैसे उकळणारी बनावट संकेतस्थळे आहेत आणि त्याबाबत केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वारंवार सावध केले आहे. आपल्या हिश्श्याची रक्कम अधिकृत ऑनलाइन मार्गानेच भरावी. ‘लवकर मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याला रोख एक रुपयाही देऊ नये. पुरवठादार निवडण्याचा अधिकार यादीतून शेतकऱ्यालाच असतो. म्हणून आसपासच्या ज्या शेतकऱ्यांचे पंप चालू आहेत, त्यांच्या बांधावर जाऊन तक्रारीनंतर माणूस किती दिवसांत येतो हे विचारावे. माझ्या मते निवडीचा खरा निकष हाच आहे.

जागेच्या पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसतात, त्यामुळे त्या बाजूला आंबा किंवा बाभळीची सावली नसावी. एका कोपऱ्यावर पडलेली सावलीही पाण्याची धार उतरवते. पाया, अर्थिंग आणि आकाशातील विजेपासून बचाव करणारी वीजरोधक यंत्रणा डोळ्यांदेखत बसवून घ्यावी.

सौर पंप सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात सर्वाधिक पाणी देतो आणि ढगाळ दिवशी मंदावतो. ठिबकला स्थिर दाब लागतो, त्यामुळे शेताचे लहान भाग पाडून पाळीपाळीने पाणी द्यावे, किंवा शेततळे असल्यास दिवसभर ते भरत राहावे. पॅनेलवरची धूळ पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा योजनेतच असतो. गारपिटीने पॅनेल फुटले किंवा केबल चोरीला गेली, तर फोटो काढून पुरवठादाराला आणि महावितरणला लगेच लेखी कळवावे, चोरी असल्यास पोलिसांतही तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक पंपाच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावा.