सायडरसाठी रसातली साखर मोजताना

इथे इंग्लंडात मागच्या अंगणात सफरचंदाचं झाड असलं की ऑक्टोबरात फळांचा नुसता खच पडतो आणि सायडर, म्हणजे सफरचंदाच्या रसाची आंबवलेली दारू, करायचा मोह होतोच, पण यीस्ट घालायच्या आधी हायड्रोमीटरने (रसात तरंगणारी आकडे लिहिलेली काचेची नळी, साखर जास्त तितकी ती वर तरंगते) साखर मोजा, एकदा आंबायला लागलं की सुरुवातीचा आकडा गेला तो गेलाच. जिभेवर जाऊ नका, ब्रॅमली हे स्वयंपाकाचं सफरचंद आंबटढाण लागतं म्हणून त्यात साखर नसते असं नाही, आंबटपणा गोडी झाकतो.

रस गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, वरचा निवळ घ्या आणि तो रूम टेंपरेचरला येऊ द्या, कारण बरेचसे हायड्रोमीटर 20 डिग्रीसाठी बनवलेले असतात आणि गार रसात आकडा थोडा जास्त दिसतो. उंच नळीत रस ओता, हायड्रोमीटर सोडा आणि दोन बोटांनी गर्रकन फिरवा, नाहीतर बारीक बुडबुडे चिकटून तो वर उचलला जातो (मी पहिल्यांदा फसले ते इथेच!). डोळे पातळीला आणून वाचा, काचेवर कडेने चढलेला रस नाही, मधली सपाट रेघ.

हा आकडा म्हणजे पाण्याच्या (1.000) तुलनेत रसाची घनता. सुरुवातीला 1.050 आलं आणि आंबून झाल्यावर शेवटी 1.000 वर उतरलं तर साधारण साडेसहा टक्के अल्कोहोल, फरकाला 131 ने गुणायचं बस. 1.045 च्या खाली असेल तर लिटरला 5 ग्रॅम साखर विरघळवा, साधारण 2 पॉइंट (म्हणजे 0.002) वाढतात, परत मोजा. रिफ्रॅक्टोमीटर (रसातून प्रकाश किती वळतो त्यावरून साखर सांगणारं यंत्र) असेल तर दोन थेंबांत काम होतं, पण फक्त सुरुवातीला, अल्कोहोल तयार झालं की तो भलतंच दाखवतो.