मियाजिमाला जाताना भरतीचं वेळापत्रक पाहा

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर जायचा दिवस ठरवण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. पूर्ण भरतीत इत्सुकुशिमा मंदिर पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं. ओहोटीत मंदिरासमोर समुद्रात असलेल्या लाल तोरीच्या, म्हणजे मंदिराच्या प्रवेशद्वाराच्या कमानीच्या, पायाशी चालत जाता येतं. सुमारे १६ मीटर उंचीची ही १८७५ची लाकडी कमान जमिनीत पुरलेली नाही, स्वतःच्या वजनावर उभी आहे! जवळून पाहिल्याशिवाय ते पटत नाही. पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांच्यामध्ये साधारण सहा तास जातात, म्हणून अख्खा दिवस ठेवा. मधल्या वेळात भाजलेली कालवं खा, किंवा मेपलच्या पानाच्या आकाराचं, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण भरलेलं गरमागरम मोमिजी मांजू. त्यात अंडं असतं, शाकाहारींनी आधी विचारावं. बेटावर मोकळ्या फिरणाऱ्या हरणांना मात्र काही खाऊ घालू नका.