दोन संमिश्र मॅट्रिक्स एकाच वेळी कर्णरूप कशा कराव्यात?

विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर दोन मायक्रोफोन लावले, तर दोन्हींत ढोल-ताशा मिसळूनच येतात. ते वेगळे काढताना फूरिए रूपांतरानंतर (आवाज त्याच्या वारंवारितांत मोडल्यावर) संमिश्र संख्यांच्या मॅट्रिक्स हाती येतात; त्यांतल्या दोन अ आणि ब म्हणू. मग दोघींच्या कर्णाबाहेर शून्य आणणारा एकच बदल शोधावा लागतो.

आधी अब आणि बअ यांतला फरक काढा. दोन्ही हर्मिटियन (ओळी-स्तंभ अदलाबदल करून प्रत्येक आकड्याची संयुग्मी घेतली, म्हणजे काल्पनिक भागाचं चिन्ह उलटलं, तरी तीच राहणारी) असून फरक शून्य असेल, तर एकच युनिटरी मॅट्रिक्स (सदिशांची लांबी न बदलता फिरवणारी) दोघींना पुरते.

माझ्याकडे कोथरूडला येणारी एमएस्सीची मुलं हमखास अ चे आयगेनसदिश (मॅट्रिक्सने गुणल्यावर स्वतःच्याच पटीत येणारे सदिश) काढतात आणि तेच ब ला लावतात. हे कुठे फसतं ते वहीत मांडूनच बघा. अ च्या कर्णावर १, १, ३, बाकी शून्य. ब च्या ओळी: ०, −आय, ०; आय, ०, ०; ०, ०, २. इथे आय म्हणजे −१ चं वर्गमूळ. अब = बअ येतं. पण अ आधीच कर्णरूप, म्हणून संगणक काहीच फिरवत नाही आणि ब मधले आय जागच्या जागी राहतात. अडचण त्या दोन सारख्या १ ची आहे. तिथले सदिश कसेही फिरवले तरी अ ला चालतात. कोणते घ्यायचे ते फक्त ब सांगते.

सोपा उपाय: अ + ट×ब चे आयगेनसदिश काढा, ट यादृच्छिक घ्या. ट = ०.३७ ला आयगेनकिंमती (म्हणजे त्या पटी) १.३७, ०.६३ आणि ३.७४, तिन्ही वेगळ्या. ट = −२ ला मात्र दोन किंमती −१ वर एकत्र येतात, म्हणून ट हाताने गोल आकडा निवडू नका.

आकडे मोजमापाचे असले, की फरक नेमका शून्य येत नाही. तेव्हा मी याकोबीची १८४६ ची फिरवण्याची पद्धत घेते. १९९३ मध्ये बुन्से-गेर्स्टनर, बायर्स आणि मेहरमान यांनी ती अशा जोडीसाठी मांडली. १९९६ मध्ये कार्दोसो आणि सुलुमियाक यांनी कोनाचं थेट सूत्र दिलं. ओळी-स्तंभांचे प, फ हे दोन क्रमांक घ्या; पफ म्हणजे प ओळीतला फ स्तंभातला आकडा. प्रत्येक मॅट्रिक्समधून तीन आकडे काढा: पप − फफ, पफ + फप, आय×(फप − पफ). हर्मिटियन असल्याने तिन्ही वास्तव येतात. प्रत्येक त्रिकुटातला प्रत्येक आकडा त्याच त्रिकुटातल्या प्रत्येक आकड्याशी गुणून ३×३ सारणी बनवा, दोन्ही सारण्यांची बेरीज करा. त्या बेरजेच्या सर्वांत मोठ्या आयगेनकिंमतीचा एकक आयगेनसदिश (क्ष, य, झ). क्ष ऋण असेल तर तिन्ही चिन्हं उलटा. मग को (कोसाइनसाठी) आणि सा (साइनसाठी) काढा: को = √((१+क्ष)/२), सा = (य − आय×झ)/(२×को). फिरवणीचे स्तंभ (को, सा) आणि (−सा ची संयुग्मी, को). ही फिरवणी दोघींना लावा, सगळ्या जोड्या घ्या, सा नगण्य होईपर्यंत फेऱ्या करा.

वरच्या उदाहरणात प = १, फ = २ घेतल्यास अ चं त्रिकूट (०, ०, ०), ब चं (०, ०, −२). एकाच फिरवणीत ब च्या कर्णावर −१, १, २ येतात आणि अ जशीच्या तशी राहते.