लाइन ब्रेसलेट हातात आलं की आधी उलटं करा

जेमॉलॉजीच्या, म्हणजे रत्नशास्त्राच्या अभ्यासात सुटा खडा ओळखायला शिकवतात. जुन्या दागिन्यात बसलेला, शंभर वर्षं वापरलेला, दोन-तीनदा दुरुस्त झालेला खडा हे वेगळंच प्रकरण असतं. लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या भागात जुन्या दागिन्यांच्या कामाला लागल्यावर मला सगळ्यात जास्त शिकवलं ते १९२०-३० च्या दशकांतल्या लाइन ब्रेसलेटांनी. प्लॅटिनमच्या घरांची, म्हणजे खडे बसवायच्या कोंदणांची, एकच ओळ, त्यात हिरे, अधूनमधून चौकोनी नीलम किंवा माणिक.

आधी पाठ बघा. ब्रेसलेट कडेवर उभं करून एका टोकाला आडवं धरा. सांधे शाबूत असतील तर ते बऱ्यापैकी सरळ राहतं, झिजले असतील तर लगेच खाली झुकतं. झिजलेले सांधे नीट करायचे तर खर्च मोठा. मग डाख, म्हणजे दुरुस्तीत धातू जोडल्याची खूण, शोधा. प्लॅटिनम १७६८ अंश सेल्सिअसला वितळतं, त्याला आच आणि डाख दोन्ही वेगळे लागतात. पाठीवर करडा, फासटलेला शिशाचा डाख दिसला की समजायचं, कुणीतरी स्वस्तात उरकलंय.

लॉकच्या जिभेवर ठसे असतात. फ्रेंच मालावर गरुडाचं डोकं म्हणजे १८ कॅरट सोनं, कुत्र्याचं डोकं म्हणजे प्लॅटिनम. ब्रिटनमध्ये मात्र प्लॅटिनमचा हॉलमार्क (शुद्धतेचा अधिकृत ठसा) १९७५ पासूनच आहे. त्यामुळे जुन्या इंग्लिश ब्रेसलेटवर नुसतं 'प्लॅट' कोरलेलं असतं किंवा काहीच नसतं, आणि त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

आता खडे, आणि तेही एकेक करून. मी कागदावर ओळ काढून प्रत्येक घराला नंबर देते. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही. जुन्या युरोपियन कटमध्ये लूपखाली (जवाहिऱ्याच्या भिंगाखाली) मधोमध छोटं वर्तुळ दिसतं, कारण हिऱ्याचं खालचं टोक सपाट कापलेलं असतं. त्या ओळीत एखादा टोकदार, आधुनिक ब्रिलियंट कटचा हिरा आला, तर तो बहुधा नंतर बसवलेला.

रंगीत खड्यांत खरी मजा आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हेर्नेयनं कृत्रिम माणिक १९०२ मध्ये जाहीर केलं, आणि आर्ट डेको काळातल्या, म्हणजे याच १९२०-३० च्या शैलीतल्या कारागिरांनी कृत्रिम माणिक-नीलम सर्रास वापरले. खड्यातून प्रकाश किती वळतो ते मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर इथे उपयोगाचा नाही. नैसर्गिक असो वा कृत्रिम, माणिक १.७६२ ते १.७७० च्या आसपासच आकडा देतं. सूक्ष्मदर्शकाखाली वाढीच्या रेषा वक्र दिसल्या तर खडा भट्टीतला. पण तो मूळचाच असेल, तर माझ्या मते काढून नैसर्गिक बसवणं म्हणजे दागिना बिघडवणं.

अहवालात 'सर्व खडे नैसर्गिक' असं एका ओळीत कधीच लिहू नका. कोणत्या नंबरचा खडा तपासला, कोणता कोंदणामुळे तपासता आला नाही, तेवढंच लिहा. आणि पाचू असतील तर ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकू नका, भेगांत भरलेलं तेल निघून जातं.